नीडफुल म्हणजे नेमकं काय?

एकदा मी ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये ‘नीडफुल’ हा शब्द शोधला. फक्त मी स्वतः पाठवलेल्या मेलमध्ये. सहा वर्षांच्या नोकरीत तो दोनशेहून जास्त वेळा निघाला. ‘प्लीज डू द नीडफुल’, ‘काइंडली डू द नीडफुल’, ‘रिक्वेस्ट यू टु डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट’, आणि कॅबवाला खाली हॉर्न देत असताना लिहिलेलं नुसतंच ‘प्लीज डू नीडफुल’. यातला एक मेल गेल्या वर्षीच्या एका शुक्रवारचा आहे. हा लेख त्याच्यामुळे लिहितोय, पण त्याच्याकडे थोड्या वेळाने येतो.

हिंजवडीत काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगायला नको. शिवाजी चौकापासून फेज थ्रीच्या टोकापर्यंत कुठल्याही इमारतीत जा, कुठल्याही मजल्यावर या क्षणी कुणीतरी ते टाइप करत असेल. ज्यांना ते कधी आलंच नाही त्यांच्यासाठी सांगतो: जे गरजेचं आहे ते करा, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या नोकरीत आम्हाला दोन दिवसांचं कम्युनिकेशन ट्रेनिंग होतं. ट्रेनरने एक स्लाइड लावली. वर लाल अक्षरांत ‘टाळा’, आणि खाली यादी: प्रीपोन, पास्ड आउट, रिव्हर्ट बॅक, माय गुड नेम, डू द नीडफुल. प्रत्येक शब्दावर तो थांबायचा, आम्ही हसायचो. मीही हसलो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, फलटणला. यादीतले पाचपैकी चार मी वापरत होतो, आणि आपण हसतोय हे शेजारच्याला दिसावं म्हणून जरा मोठ्याने हसलो.

अशा याद्या नव्या नाहीत. जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ नावाचे मुंबई इलाख्यात मुलकी सेवेत असलेले एक इंग्रज अधिकारी होते. भारतीय लोक इंग्रजी लिहिताना वाक्प्रचारांच्या काय चुका करतात, यावर त्यांनी १९०७ साली अख्खं पुस्तक काढलं. म्हणजे आमच्या ट्रेनरची स्लाइड शंभरहून जास्त वर्षांची परंपरा चालवत होती, त्याला बिचाऱ्याला ते माहीत नसावं.

पण ‘डू द नीडफुल’च्या बाबतीत ती स्लाइड चूक आहे. म्हणजे, हे वाक्य टाळावं असं मलाही अनेकदा वाटतं, पण स्लाइडवर दिलेल्या कारणासाठी नाही. स्लाइडचं म्हणणं असं, की हे भारतीयांनी बनवलेलं, तोडकंमोडकं इंग्रजी आहे. ते तसं नाही. ‘नीडफुल’ हा इंग्रजीतला जुना शब्द आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलात, ल्यूकच्या शुभवर्तमानात, मार्था आणि मेरी या बहिणींच्या गोष्टीत तो येतो. मार्था पाहुणचाराच्या शंभर कामांत अडकलेली असते आणि येशू तिला सांगतो की गरजेची गोष्ट एकच आहे. तिथे ‘नीडफुल’ हे विशेषण आहे. पुढे अठराव्या शतकात इंग्रज लोक ‘द नीडफुल’ असं नाम म्हणून वापरू लागले. इंग्रजीत विशेषणाच्या आधी ‘द’ लावला की त्याचं नाम होतं, ‘द पुअर’ म्हणजे गरीब लोक, तसंच हे. बोलीत त्याचा अर्थ पैसे असाही व्हायचा. आपल्याकडे खिशाला हात लावून ‘ते आहे ना?’ विचारतात, त्यातलाच प्रकार. व्यापाराच्या आणि कचेरीच्या पत्रांतून हे वाक्य इथे आलं. विसाव्या शतकात खुद्द इंग्लंडमध्ये ते मागे पडलं आणि आपल्याकडे टिकलं. काचेच्या कपाटातला आजोबांचा चहाचा सेट टिकतो तसं.

तेव्हा व्याकरण ठीक आहे. एक अट मात्र आहे, तो ‘द’ गाळायचा नाही. ‘डू नीडफुल’मध्ये विशेषण नुसतंच लटकतं. वाक्याबद्दलची बारीक तक्रार इतकीच, आणि ती दोन सेकंदांत मिटते.

स्लाइडच्या उजव्या बाजूला ‘त्याऐवजी हे लिहा’ असा रकाना होता. तिथे होतं ‘प्लीज टेक नेसेसरी ॲक्शन’. मला आजही कळलेलं नाही की यात सुधारणा काय झाली. आवश्यक ती कृती करा. कोणती? अमेरिकेतले आमचे क्लायंट ‘प्लीज टेक केअर ऑफ धिस’ लिहितात, आणि त्यांना कुणी ट्रेनिंगला बसवत नाही. त्या वाक्यातही ‘धिस’ म्हणजे काय ते आम्हीच शोधतो. शर्ट नवा, आतला माणूस तोच.

(‘रिव्हर्ट’ची गंमत वेगळी आहे. आपल्या मेलमध्ये ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. गिटमध्ये ‘रिव्हर्ट’ म्हणजे केलेलं काम उलटं फिरवा. त्यामुळे ‘प्लीज डू द नीडफुल अँड रिव्हर्ट’ हे वाक्य एखाद्या प्रोग्रामरने फार मनावर घेतलं तर तो काम करेल आणि लगेच पुसून टाकेल.)

आता तो शुक्रवार.

आमच्या एका सर्व्हरवर रात्री हिशेबाचं काम चालतं. दिवसभराच्या व्यवहारांच्या फाइल्स येतात, जुळवल्या जातात, पुढे जातात. संध्याकाळी सहाच्या सुमारास मला दिसलं की त्याची डिस्क ९१ टक्के भरलीय. असं दर दोन-तीन महिन्यांनी होतं, आणि उपाय ठरलेला आहे. लॉगच्या फोल्डरमधल्या सात दिवसांपेक्षा जुन्या, झिप झालेल्या फाइल्स काढून टाकायच्या. दुसरं कशालाही हात लावायचा नाही. विशेषतः ‘ओल्ड’ नावाच्या फोल्डरला. त्यात जुनं काही नाही, जुळवणी बाकी असलेल्या फाइल्स आहेत. नाव आमच्याच टीमने तीन वर्षांपूर्वी दिलं होतं, आणि पुढे बदलायचा कंटाळा केला होता.

हे सगळं मला माहीत होतं. मला फलटणला जायचं होतं, आणि वाकडच्या पुलाखालून सातच्या आत निघालो नाही तर काय होतं हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मी रात्रपाळीला मेल टाकला: बॅच सर्व्हरची डिस्क ९१ टक्के, प्लीज डू द नीडफुल. लॅपटॉप बंद केला.

रात्रपाळीला एक मुलगा होता. परभणीकडचा, कंत्राटी, येऊन चार महिने झालेले. त्याने मेल वाचला आणि जे गरजेचं वाटलं ते केलं. सगळ्यात जास्त जागा कशाने अडवलीय ते पाहिलं. ‘ओल्ड’ने. नावच ‘ओल्ड’. त्याने ते उडवलं. पहाटे दोन चाळीसला त्याचं उत्तर आलं: ‘डन द नीडफुल.’

बॅकअप होता, पण आदल्या रात्रीचा. एका दिवसाच्या फाइल्स क्लायंटकडून पुन्हा मागवाव्या लागल्या, आणि तीन दिवस आम्ही त्याच कामात होतो. मग रिवाजाप्रमाणे मूळ कारण शोधण्याचा रिपोर्ट झाला. मूळ कारण: मानवी चूक. माझा मेल त्या रिपोर्टला जोडला होता, पुरावा म्हणून. कशाचा पुरावा? डिस्क भरत असल्याची सूचना वेळेवर दिली गेली होती, याचा. ‘टाइमली अलर्ट’ असे शब्द होते. मुलाचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं, ते पुढे वाढवलं नाही. मीटिंगमध्ये मी बसलो होतो. काही बोललो नाही.

माझा मेल मी नंतर पुष्कळ वेळा वाचला, एखादी कविता वाचावी तसा, शब्द सुटे करून. त्यात खोटं काही नाही. नम्र आहे. व्याकरणात बसतो. त्यात करणारा आहे, ‘यू’, आज्ञार्थात लपलेला. काय करायचं तेवढं नाही. मला जे माहीत होतं ते सगळं त्या ‘नीडफुल’मध्ये मी बंद करून ठेवलं होतं आणि किल्ली खिशात घालून फलटणला गेलो होतो.

माझे वडील पंचायत समितीत बत्तीस वर्षं क्लार्क होते. घरी गेल्यावर त्यांना हे सांगितलं. मेलचं नाही, वाक्याचं. ते म्हणाले, “अरे, हे तर आपलं ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’.” आणि मग तासभर त्या विषयावर बोलले. चहा दोनदा झाला.

त्यांनी दाखवलेली पहिली गोष्ट अशी, की मराठी वाक्य इंग्रजीच्या एक पाऊल पुढे आहे. ‘डू द नीडफुल’मध्ये काय करायचं ते लपलंय, पण कुणी करायचं ते उघड आहे. ‘कार्यवाही व्हावी’मध्ये करणाराही गेला. पाऊस व्हावा तशी कार्यवाही व्हावी. आणि ‘योग्य ती’ हा जोड बघा. मुळात तो ‘जी योग्य असेल ती’ असा आहे. त्यातला ‘जी असेल’ आपण गिळला. म्हणजे योग्य काय हे अजून कुणीतरी ठरवायचंय, हे सांगणारा भागच गेला, आणि आता वाक्य असं चालतं की जणू योग्य काय ते ठरलेलंच आहे.

दुसरी गोष्ट मला माहीत नव्हती. ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ हे दोन शब्द आहेत. कार्यवाही म्हणजे काम पुढे नेणं, कारवाई म्हणजे दंड, शिस्तभंग, बडगा. वर्तमानपत्रंही यांत गल्लत करतात आणि वडील तिथे पेनाने गोल करतात. मी त्या शुक्रवारी कार्यवाही मागितली होती. महिनाअखेरीला कारवाई झाली.

पण वडिलांना ते वाक्य वाईट वाटत नाही, आणि त्यांचं कारण मला पटलं. ते म्हणाले, टेबलाच्या या बाजूने बघ. एखादा शेतकरी अर्ज घेऊन येतो. विहिरीच्या अनुदानाचा हप्ता आला नाही. तो कुठे अडकलाय हे त्याला कसं कळणार? बँकेत, तालुक्याला की जिल्ह्याला? तो ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ लिहितो तेव्हा खरंच तेच म्हणत असतो, की मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे, तुम्ही करा. त्यात लाचारी नाही, कामाची वाटणी आहे. “बोंब कधी होते,” ते म्हणाले, “तर तेच वाक्य आम्ही आत वापरायला लागतो तेव्हा.” अर्ज आवक बारनिशीत चढतो, त्यावर शेरा पडतो, ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’, आणि नस्ती पुढच्या टेबलावर जाते. तिथून तोच शेरा घेऊन त्याच्या पुढच्या. शेरा मारणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत असतं की काय करायला हवं. लिहिलं तर सही त्याची होते.

मला वाटतं, या वाक्याच्या बरोबर आणि चूक वापराची रेघ इथेच आहे. काय करायचं ते लिहिणाऱ्याला माहीत नाही आणि वाचणाऱ्याला माहीत आहे, तर ‘डू द नीडफुल’ चांगलं इंग्रजी आहे आणि चांगली वागणूकही. माझं बँक खातं बदललं, कागद जोडलेत, प्लीज डू द नीडफुल. पगार विभागातल्या बाईंना त्यांच्या सिस्टीममध्ये कुठली बटणं दाबायची ते मी शिकवायचं नसतं. त्यांच्यासमोर करण्याजोगी गोष्ट एकच असते. मार्थाला सांगितली होती तशी, एकच. उलट लिहिणाऱ्याला माहीत आहे आणि वाचणाऱ्याला नाही, तिथे हेच वाक्य म्हणजे कामचुकारपणा आहे, आणि माझ्यासारख्याच्या हातात त्याहून वाईट. दोघांनाही माहीत नसेल तर तो नुसता चेंडू आहे.

या चेंडूचा खेळ पाहायला हिंजवडीसारखी जागा नाही. आयटी पार्कची जमीन एमआयडीसीची, गाव ग्रामपंचायतीचं, भोवतालच्या प्रदेशाचं नियोजन पीएमआरडीएकडे, रस्त्यावरची वाहतूक पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द वाकडला येऊन थांबते. २०२५ च्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात इथले रस्ते पाण्याखाली गेले, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीनेही पत्र तयार केलं. सेक्रेटरी काकांनी लिहिलेला मसुदा व्हॉट्सॲपवर आला. तीन परिच्छेद मनस्ताप आणि शेवटी ‘तरी योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती’. वर पत्ते पाच. आता पाच जणांना मिळून एकाच पत्रात ‘योग्य ती’ म्हटल्यावर प्रत्येकाला ती दुसऱ्याची वाटली तर त्यात नवल काय? हे कुठल्या कार्यालयाबद्दलचं गाऱ्हाणं नाही, आमच्या पत्राबद्दलचं आहे. मी काकांना म्हटलं, काका, गेटसमोरच्या कुठल्या चेंबरमध्ये पाणी जात नाही ते लिहू, फोटो लावू, आणि एकेका पत्रात एकच मागणी करू. काका म्हणाले, “तसं लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटेल.”

काकांच्या या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार केला. नेमकं लिहिणं आपल्याला उद्धट वाटतं. मोठ्याने हाक मारल्यासारखं. मोघम लिहिलं की अदब राहिली. पण मराठीत अदब आणि नेमकेपणा नेहमीच भांडत नव्हते. जुन्या पत्रांच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे, तुम्ही सुज्ञ असा’ असं लिहायची रीत होती. हाही एका अर्थाने ‘नीडफुल’च, तुम्ही समजदार आहात, बाकीचं तुम्हाला कळेलच. फरक एवढा, की तो पत्राच्या शेवटी यायचा. आधी काय घडलं, काय हवंय, कधीपर्यंत, हे सांगून झालेलं असायचं. सगळं सांगून मग विश्वास. आम्ही काहीच न सांगता थेट विश्वासावर येतो.

आणि नेमकेपणाच म्हणाल तर चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेलं पत्र वाचा. इतिहासाच्या पुस्तकांत ते रयतेला त्रास देऊ नका म्हणून येतं, ते आहेच. मला ते दुसऱ्याच कारणासाठी आवडतं. उन्हाळ्यात छावणीत आग लागू नये, एवढा त्यातल्या एका भागाचा विषय आहे. ‘आगीबाबत योग्य ती दक्षता घ्यावी’ म्हणून काम भागलं असतं. पण पत्र तिथे थांबत नाही. कुणी स्वयंपाकाला नको तिथे चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढायला विस्तव घेऊन जाईल, गवत पडलंय की वारा सुटलाय हे बघणार नाही. रात्री दिवा जळता राहील, उंदीर पेटती वात ओढून नेईल, त्याने गवत पेटेल, पागा जळतील, घोडी मरतील. राजा आपल्या अधिकाऱ्यांना उंदीर आणि वातीपर्यंत समजावून सांगतो. यात त्याचा अधिकार कमी होत नाही आणि वाचणाऱ्याचा अपमानही होत नाही. रात्रपाळीसाठी सूचना कशा लिहाव्यात, याचा याहून चांगला नमुना मला आमच्या क्षेत्रातल्या कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही.

एक गोष्ट त्या ट्रेनरच्या हसण्याबद्दल सांगायची राहिली. आम्ही हे वाक्य का धरून ठेवतो? निम्मं कारण आळस, मान्य. उरलेलं कारण भीती आहे. इंग्रजीत पहिल्यांदाच लिहायला लागलेल्याला ‘ओल्ड फोल्डरला हात लावू नकोस, त्यात जुळवणी बाकी असलेल्या फाइल्स आहेत’ हे लिहायचं म्हणजे चार ठिकाणी चुकायची संधी. डोंट टच की डू नॉट टच, पेंडिंग की पेंडेड, विच की दॅट. ‘डू द नीडफुल’मध्ये चुकायला जागा नाही, ते आधीच कुणीतरी बरोबर करून ठेवलंय. पावसात अनोळखी दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहावं तसे आम्ही त्याखाली उभे राहतो. त्या मुलाचं ‘डन द नीडफुल’ही तिथूनच आलं असणार. त्याने काय केलं ते लिहिलं असतं, तर मी सकाळी सहाला नाही तरी आठला फोन केला असता. पण ते लिहायला त्याला मी कुठे शिकवलं होतं? त्याने माझाच मेल मला परत पाठवला होता.

मग उपाय म्हणून मी आता रात्रपाळीला मराठीत लिहितो, निदान जिथे दोन्ही बाजूंना मराठी आहे तिथे. रोमन लिपीत, अर्ध्या इंग्रजीत, पण मराठीत. मॅनेजरने एकदा कपाळाला आठ्या घातल्या. क्लायंट सीसीत असेल तेव्हा इंग्रजीत लिहितो, चुकीच्या आर्टिकलसकट, फोल्डरच्या नावासकट. ते नाव आता ‘पेंडिंग’ आहे.

दोन महिने उशिराने मी मॅनेजरला एक मेल लिहिला, त्या शुक्रवारी मला काय माहीत होतं आणि मी काय लिहिलं नव्हतं याचा. त्याचं उत्तर आलं, ‘नोटेड’. त्याबद्दल वेगळा लेख होईल.

मग त्या मुलाला फोन केला. नंबर माझ्याकडे होता, धीर नव्हता. तो आता खराडीला आहे, दुसरीकडे लागलाय. पूर्वी मला सर म्हणायचा, या वेळी दादा म्हणाला. मी जे सांगायचं ठरवून बसलो होतो ते अर्ध्यावर आलं तेव्हा त्याने मला थांबवलं.

“ते जाऊ द्या, दादा. मला एक सांगा. त्या रात्री मी करायचं काय होतं?”

मी सांगितलं. कुठलं फोल्डर, किती दिवसांपेक्षा जुन्या, कुठल्या फाइल्स, आणि कशाला हात लावायचा नाही. सांगून झाल्यावर फोनवर पाहिलं. दीड मिनिटही लागलं नव्हतं.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच.”